व्यवसाय : इतर

बँकेच्या फॉर्मवर रकाना होता :
शेती, नोकरी, व्यापार, गृहिणी, इतर.
मी 'इतर'वर खूण केली
आणि पुढच्या दोन इंची रेषेवर लिहिलं, कागद-संवर्धन.
काउंटरमागचा म्हणाला, म्हणजे झेरॉक्स का, मॅडम?

लखनौला सहा महिने शिकले होते.
पिठातला चिकटपणा धुऊन खळ कशी शिजवायची,
कांद्याच्या पापुद्र्याएवढा जपानी कागद
फाटलेल्या ओळीवर श्वास रोखून कसा ठेवायचा.
कानूनगो सर सांगायचे :
आज जे चिकटवाल
ते उद्या कुणाला तरी सोडवता आलं पाहिजे.

सांगलीला परतले. वाचनालयात जागा होती,
मंजूर पदाचं नाव 'शिपाई-नि-बाइंडर'.
करार अकरा महिन्यांचा.
म्हणजे मीही सोडवता येण्याजोगी.

आधीचे बाइंडर बाबालाल जमादार, मिरजेचे,
निवृत्त होऊनही गुरुवारी यायचे, चहाला.
खळीत मोरचूद घालायचे ते, कसर लागू नये म्हणून.
मी नवी, ताजं ताजं शिकलेली. बोलून गेले :
चाचा, मोरचुदानं कागद जळतो हळूहळू.
त्यांनी बशी खाली ठेवली.
म्हणजे त्रेचाळीस वर्षं मी विषच घातलं म्हणा की.
पुढचे कितीतरी गुरुवार
चहा एकच कप आला.

मग पूर.
आयर्विन पुलाच्या पट्टीवरचे आकडे
घराघरांत फोनवर सांगितले जात होते,
आणि खालच्या दालनात
हळदपेठेच्या आवक-वह्या
पाणी पिऊन दुप्पट जाड होत होत्या.

पाणी उतरलं की बुरशीला दोन दिवस पुरतात.
तासगाव रोडला मगदुमांचं कोल्ड स्टोरेज.
ते म्हणाले, आम्ही बेदाणा ठेवतो, ताई. पुस्तकं नाही.
म्हटलं, ओला बेदाणाच समजा.
हसले. एक खोली दिली, दिवाळीपर्यंत.
माझ्या वहीत उणे वीस लिहिलं होतं,
इथं अधिक चार.
अधिक चारला बुरशी मरत नाही,
नुसती विचार करत बसते.
तेवढं पुरे होतं.

पेट्यांच्या रांगेत क्रेट रचताना
मागून कुणीतरी स्वेटर चढवत आलं.
चाचा.
एक वही उचलून पाठीवरून अंगठा फिरवला.
पुठ्ठा गळून पडला, कापड सुटलं,
कण्याशी मोरचुदाचा हिरवट डाग
आणि त्याभोवती कागद तपकिरी, ठिसूळ :
मी बरोबर होते.
पण शिवण?
एकही फर्मा हलला नव्हता.
दोरा मेणावरून दोनदा ओढायचा, ते म्हणाले,
माझ्याकडे न बघता.
दुसऱ्या दिवशी मेणाचा खडा घेऊन आले,
बोटाच्या खाचा पडलेला.

कायम पदाची मुलाखत झाली परवा.
'अन्य प्रशिक्षण'च्या पुढे मी लिहिलं होतं :
शिवण, बाबालाल जमादार, मिरज. प्रमाणपत्र नाही.
समितीतले एकजण चष्मा काढून म्हणाले,
हे धरता येणार नाही हो.
निकाल अजून नाही.

आज वाळव्याची एक मुलगी आली, अस्मिता खोत.
कोर्स किती महिन्यांचा? पगार किती?
खरा आकडा सांगितला.
ती गप्प झाली, पण उठली नाही.
मग तिच्या हाती हाडाची पट्टी दिली,
चिकटलेली दोन पानं दिली.
चाळीस मिनिटं लागली तिला.
मोबाइल दोनदा थरथरला टेबलावर.

पानं सुटली
आणि मध्ये निघाला एक बेदाणा,
चपटा, काळा, आवकेच्या आकड्याला चिकटलेला.
काय लिहू? तिनं विचारलं.
लिही : परकी वस्तू, एक. पान एकशे बारा.
तिनं लिहिलं.
मग जरा थांबून, मला न विचारता,
पुढे तारीख घातली
आणि स्वतःचं नाव.